वर्गातला लॅपटॉप : सरसकट बंदी नको, मोकाट वापरही नको

महाविद्यालयाच्या वर्गात आता वह्यांइतक्याच स्क्रीन दिसतात. कुणाच्या बाकावर लॅपटॉप असतो, कुणाकडे टॅब, आणि मोबाईल तर जवळपास सगळ्यांकडेच. प्राध्यापक फळ्यावर मागणी-पुरवठ्याचा आलेख काढत असतात आणि तिसऱ्या रांगेतल्या लॅपटॉपवर क्रिकेटचा स्कोअर चालू असतो. शिक्षक वैतागून म्हणतात, "सगळे बंद करा." विद्यार्थी म्हणतो, "सर, नोट्सच घेतोय." दोघांच्याही म्हणण्यात काही तथ्य असते, म्हणून हे भांडण दरवर्षी नव्याने होते आणि दरवर्षी तसेच राहते.

आमच्या वाचकांपैकी अनेक जण महाविद्यालयात शिकत आहेत, काही जण शिकवत आहेत आणि बरेच कार्यकर्ते वस्तीतल्या विहारात किंवा समाजमंदिरात अभ्यासिका चालवतात. या तिघांनाही हा प्रश्न रोज भेटतो. तो फक्त शिस्तीचा मानला तर उत्तर सोपे आहे : मोबाईल जमा करा, लॅपटॉप बंद करा. पण आमच्या मते हा न्यायाचाही प्रश्न आहे. वर्गातले लक्ष विस्कटले की त्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत. ज्याचे आईवडील शिकलेले आहेत, ज्याला संध्याकाळी खासगी क्लास आहे, तो वर्गात हुकलेला भाग दुसरीकडे भरून काढतो. ज्याच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा तोच पहिला, त्याच्याकडे त्या विषयासाठी वर्गातला तो एकच तास असतो.

म्हणून लॅपटॉपमुळे नेमके काय बिघडते, कुणाचे बिघडते आणि कुणाचाही हक्क न हिरावता ते कसे सावरता येईल, हे नीट समजून घ्यायला हवे.

शेजारच्याची स्क्रीन आणि आपले गुण

या विषयावर गेल्या वीस वर्षांत बरेच संशोधन झाले आहे. त्यातला एक प्रयोग प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावा असा आहे. कॅनडातील फारिया साना, टीना वेस्टन आणि निकोलस सेपेडा या संशोधकांनी तो २०१३ साली प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वर्गात बसवून एक व्याख्यान ऐकवले. सगळ्यांनी लॅपटॉपवर नोट्स घ्यायच्या होत्या. पण त्यांपैकी निम्म्यांना मधेमधे इंटरनेटवर शोधायची काही किरकोळ कामेही दिली. नंतरच्या चाचणीत या निम्म्यांना सुमारे ११ टक्के कमी गुण पडले. यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही.

आश्चर्य दुसऱ्या भागात आहे. या वेळी विद्यार्थ्यांना वही-पेन दिले. त्यांच्याकडे लॅपटॉप नव्हताच. मात्र त्यांतल्या काहींच्या समोर असे लॅपटॉपवाले बसवले, जे व्याख्यान सोडून इकडेतिकडे फिरत होते. वहीत इमानदारीने लिहिणाऱ्या, पण डोळ्यांसमोर दुसऱ्याची हलती स्क्रीन असलेल्या या विद्यार्थ्यांना सुमारे १७ टक्के कमी गुण मिळाले. आपले फारसे नुकसान झाले असे त्यांना स्वतःला वाटलेही नव्हते.

"माझा लॅपटॉप, माझे लक्ष, माझे नुकसान, तुम्हाला काय त्रास?" हा युक्तिवाद इथे कोसळतो. प्रयोग लहान होता आणि वर्ग प्रयोगासाठी मांडलेला होता, हे लक्षात ठेवूनही दिशा स्पष्ट आहे. वर्गातले लक्ष ही सामाईक गोष्ट आहे. वस्तीतल्या सार्वजनिक नळासारखी. एकाने तोटी उघडी टाकली की मागच्यांच्या हंड्यात पाणी कमी येते.

दुसरा अभ्यास अमेरिकेतल्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीतला आहे. अर्थशास्त्राच्या प्राथमिक अभ्यासक्रमाच्या काही तुकड्यांत लॅपटॉप-टॅबला पूर्ण मुभा दिली, काहींत पूर्ण मनाई केली आणि काहींत टॅब बाकावर आडवा ठेवूनच वापरायची अट घातली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुभा असलेल्या तुकड्या आणि आडव्या टॅबच्या तुकड्या, दोघांचेही अंतिम परीक्षेतले गुण मनाई असलेल्या तुकड्यांपेक्षा घसरले. ही घसरण प्रमाणित विचलनाच्या ०.१८ इतकी होती. साध्या भाषेत सांगायचे तर शंभर जणांत पन्नासाव्या क्रमांकावर असणारा विद्यार्थी साधारण सत्तावनाव्या क्रमांकावर जावा, एवढा हा फरक आहे. या तुकड्या लहान होत्या, विद्यार्थी लष्करी शिस्तीतले होते आणि गुणांवर त्यांची पुढची नेमणूक अवलंबून होती. तरीही हा फरक पडला. ज्या वर्गात शंभर-सव्वाशे विद्यार्थी बसतात आणि शेवटच्या बाकापर्यंत शिक्षकाची नजर पोचत नाही, तिथे तो कमी असेल असे मानायला काही आधार नाही.

तिसरा अभ्यास मोबाईलबद्दल आहे आणि आपल्यासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम, लंडन, लेस्टर आणि मँचेस्टर या चार शहरांतल्या ९१ शाळांची माहिती लुई-फिलिप बेलांड आणि रिचर्ड मर्फी यांनी तपासली. शाळेने मोबाईलवर बंदी घातल्यानंतर सोळा वर्षांच्या मुलांचे परीक्षेतले गुण थोडे वाढलेले दिसले. पण ही वाढ सगळीकडे सारखी नव्हती. आधीपासून मागे असलेल्या मुलांचे गुण सरासरी वाढीच्या दुपटीहून अधिक वाढले. वरच्या क्रमांकाच्या मुलांवर काहीच परिणाम झाला नाही. पुढे स्वीडनमध्ये याच धर्तीवर केलेल्या अभ्यासात मात्र असा फरक आढळला नाही. त्यामुळे बंदी हा रामबाण उपाय आहे असे कुणी म्हणू नये. तरी इंग्लंडच्या आकड्यांनी एक गोष्ट समोर आणली आहे : लक्ष उडण्याचा फटका बसतो तेव्हा तो वर्गातल्या सर्वांत कमकुवत विद्यार्थ्याला आधी बसतो.

मेंदू एका वेळी किती ऐकतो?

अनेक तरुणांना वाटते की आपल्याला दोन्ही जमते. कान सरांकडे आणि डोळे स्क्रीनवर. भाकरी थापताना गाणे ऐकता येते हे खरे आहे, कारण हाताला सवय झालेली असते. पण दोन माणसे एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी सांगू लागली तर एकीचा धागा सुटतोच. संदेश वाचणे आणि व्याख्यान समजून घेणे, दोन्हीला भाषा लागते. मेंदू दोन्ही एकदम करत नाही. तो झटपट इकडून तिकडे उड्या मारतो. प्रत्येक उडीला थोडा वेळ जातो आणि परत आल्यावर "आपण कुठे होतो?" हे शोधावे लागते. गणिताची पायरी, कायद्याचे कलम किंवा सिद्धांताची मांडणी चालू असताना मधली एक कडी निसटली की पुढचे सगळे फक्त शब्द होतात.

लॅपटॉपची अडचण अशी की शिकण्याचे साधन आणि करमणुकीचे साधन एकाच काचेवर आहे. वहीच्या पानावर कुणी लाल टिंब दाखवत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात मात्र व्हॉट्सॲप वेबचा आकडा वाढत असतो, युट्यूब पुढचा व्हिडिओ आपणहून सुरू करतो. हे योगायोगाने होत नाही. माणसाला स्क्रीनवर जितके जास्त थांबवता येईल तितका या कंपन्यांना जाहिरातींतून फायदा होतो. विद्यार्थ्याच्या मनाची ताकद कमी पडते तेव्हा त्याच्यासमोर कुणाची ताकद उभी आहे, हेही पाहायला हवे. म्हणून नुसते "मन घट्ट कर" सांगून भागत नाही. मोह समोर असताना लढण्यापेक्षा तो आधीच दूर ठेवणे सोपे असते.

धम्माच्या अभ्यासकांना यात नवीन काही नाही. अष्टांगिक मार्गातली सम्यक स्मृती म्हणजे जे चालले आहे त्याचे भान ठेवणे. आनापानसतीचा सराव करणाऱ्याला ठाऊक असते की चित्त भटकणारच. भटकले हे ध्यानात येणे आणि त्याला न रागावता परत आणणे, हाच तो सराव. वर्गातही हेच कामाला येते. व्याख्यानात मन भटकल्याचे लक्षात आले की वहीच्या समासात एक टिंब द्यावे आणि परत यावे. आठवडाभर टिंबे मोजली तरी आपले लक्ष कोणत्या तासाला आणि कशाने उडते याचा नकाशा हाती येतो.

वही की लॅपटॉप : मराठीत हिशोब वेगळा

पॅम म्युलर आणि डॅनियल ओपनहायमर यांचा २०१४ सालचा शोधनिबंध बराच गाजला. लॅपटॉपवाले विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे टिपतात, हाताने लिहिणारे वेग कमी असल्यामुळे निवडून स्वतःच्या शब्दांत लिहितात, आणि संकल्पनेवरच्या प्रश्नांत त्यामुळे हाताने लिहिणारे पुढे राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. २०२१ साली दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा केला. लॅपटॉपवाले जास्त शब्द आणि जसेच्या तसे टिपतात हे पुन्हा दिसले, पण चाचणीतल्या गुणांचा फरक दिसला नाही. म्हणजे पेन जादूची कांडी नाही. टिपताना डोके चालते की फक्त बोटे चालतात, हा खरा मुद्दा आहे.

हे प्रयोग इंग्रजीत भराभर टंकणाऱ्या विद्यार्थ्यांवर झाले. आपल्याकडे चित्र बरेच वेगळे आहे. मराठी माध्यमातून आलेला विद्यार्थी इनस्क्रिप्टवर सराईत नसेल तर रोमन अक्षरे टंकून मराठी उमटवतो. "क्ष" आला नाही, "ज्ञ" चुकला, जोडाक्षर फुटले की तो मागे जाऊन दुरुस्त करतो, तोवर पुढचे वाक्य निघून गेलेले असते. काही जण कंटाळून रोमन लिपीतच मराठी टिपतात. महिन्याने ते त्यांनाच वाचवत नाही. व्याख्यान इंग्रजीत असेल तर ऐकणे, मनात मराठी करणे आणि टंकणे अशी तीन कामे एकदम पडतात. अशा विद्यार्थ्याला वही-पेन हेच जास्त वेगवान यंत्र आहे. कमीपणा वाटण्याचे काही कारण नाही.

आणखी एक सवय सगळीकडे दिसते : फळ्याचा फोटो काढणे. फोटो काढला की मनाला वाटते, काम झाले. तो फोटो लग्नाच्या, जयंतीच्या आणि मीम्सच्या गर्दीत हरवतो. आकृती गुंतागुंतीची असेल तर फोटो जरूर काढावा, पण त्याच रात्री ती हाताने वहीत उतरवावी. उतरवली नाही तर तो अभ्यास नाही, साठवण आहे.

मग सरळ बंदी का नको?

इतके वाचल्यावर कुणी म्हणेल, मग लॅपटॉप वर्गाबाहेरच ठेवा. आमचा या सरसकट बंदीला विरोध आहे, आणि त्याची चार कारणे आहेत.

पहिले कारण दिव्यांग विद्यार्थी. अंध विद्यार्थी स्क्रीन रीडरवर अवलंबून असतो, अल्पदृष्टी असलेल्याला अक्षर मोठे करून वाचावे लागते, काहींना हाताने लिहिणे शक्य नसते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार त्यांना आवश्यक त्या सोयी देणे ही संस्थेची जबाबदारी आहे. सगळ्यांना बंदी आणि फक्त त्यांना सूट, असा नियम केला तर दुसरीच अडचण येते. ज्याच्यासमोर लॅपटॉप आहे त्याला काहीतरी "आहे", हे साऱ्या वर्गाला कळते. वाचनाची अडचण किंवा मानसिक आजार कुणाला सांगायचा हे ठरवण्याचा त्याचा अधिकार त्यात जातो.

दुसरे कारण पुस्तकांचे. महागडी संदर्भपुस्तके विकत घेणे अनेकांना परवडत नाही. ग्रंथालयात एक प्रत आणि मागणारे चाळीस. अशा वेळी पीडीएफ हेच पुस्तक असते आणि मोबाईल किंवा जुना लॅपटॉप हीच पुस्तकपेढी असते. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीनुसार २०१७-१८ मध्ये देशातल्या फक्त १०.७ टक्के कुटुंबांकडे संगणक होता. ग्रामीण भागात ४.४ टक्के आणि शहरात २३.४ टक्के. शिष्यवृत्तीचे आणि स्वाधारचे पैसे साठवून कुणी जुना लॅपटॉप घेतला असेल, तर त्याला "तो घरी ठेव" सांगणे सोपे आहे. पण घरी त्याला टेबल आहे का, शांतता आहे का, हेही विचारायला हवे.

तिसरे कारण कौशल्याचे. उद्या नोकरीत, संशोधनात, न्यायालयात किंवा चळवळीच्या कामात हेच यंत्र वापरायचे आहे. ते वर्गाबाहेर ठेवून संयमाने वापरायची सवय लागणार नाही.

चौथे कारण हक्काचे. केरळमधील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहात संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरायला मनाई होती. एका विद्यार्थिनीने हा नियम मानला नाही म्हणून तिला वसतिगृहातून काढले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घ्यायला सांगितले. इंटरनेट वापरण्याचा अधिकार हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले. मोबाईल वापरताना इतर मुलींना त्रास होऊ नये, हेही स्पष्ट केले. आमच्या मते सगळा प्रश्न याच दोन टोकांमध्ये आहे : साधनावर प्रत्येकाचा हक्क, आणि शेजाऱ्याच्या लक्षाचा मान.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शिस्तीच्या नावाखाली विद्यार्थ्याचा, विशेषतः मुलींचा मोबाईल हातात घेऊन त्यातले संदेश पाहणे, तो वर्गासमोर वाचून दाखवणे किंवा अपमान करणे, हे कुणीही करू नये. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाच्या निकालात सांगितले आहे. वर्गाचे दार ओलांडल्यावर तो हक्क संपत नाही.

शिक्षकांनी काय करावे?

पहिला उपाय वेळेचा. तासाचे सरळ भाग पाडावेत. नवीन संकल्पना समजावताना "झाकण खाली". म्हणजे सगळे लॅपटॉप मिटलेले, मोबाईल पालथे किंवा पिशवीत. त्यानंतर "झाकण वर". म्हणजे आकडेवारी शोधायची, कायद्याचे कलम काढायचे, शब्दाचा अर्थ पाहायचा. शेवटची पाच मिनिटे पुन्हा झाकण खाली, आणि आज काय कळले ते प्रत्येकाने दोन ओळींत वहीत लिहायचे. स्क्रीन कधी उघडायची हे आधीच माहीत असले की चोरून उघडण्याची गरज कमी होते. वाचनासाठी किंवा लिहिण्यासाठी ज्याला लॅपटॉप लागतोच, त्याचे झाकण या वेळेतही उघडे राहील, आणि त्याबद्दल त्याला सर्वांसमोर विचारले जाणार नाही.

दुसरा उपाय जागेचा. सानांच्या प्रयोगातून निघणारा साधा धडा असा की लॅपटॉप अशा जागी हवा जिथून त्याची स्क्रीन इतरांना दिसणार नाही. साहजिकच मागच्या रांगा सुचतात. पण इथे आपण थांबून विचार केला पाहिजे. वर्गात कुणाला कुठे बसवायचे याला आपल्याकडे इतिहास आहे. साताऱ्याच्या शाळेत लहान भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत होते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. म्हणून लॅपटॉपची जागा ही शिक्षा वाटता कामा नये. मागची रांग आणि भिंतीलगतचे दोन्ही कोपरे लॅपटॉपसाठी मोकळे ठेवावेत. ज्याला हवे तो कारण न सांगता तिथे बसेल. ज्याला फळा जवळून पाहावा लागतो त्याला पुढच्या कोपऱ्यात, पाठीशी भिंत येईल अशी जागा द्यावी. दिव्यांग विद्यार्थीही तिथे बसतील आणि इतरही. मग कुणाकडे बोट दाखवले जाणार नाही.

तिसरा उपाय शिकवण्याचा. पीपीटीवरची वाक्ये वाचून दाखवायची आणि तीच पीपीटी संध्याकाळी ग्रुपवर टाकायची, असे असेल तर वर्गात लक्ष देण्याचे कारणच उरत नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक प्रश्न टाकावा, शेजाऱ्याशी दोन मिनिटे चर्चा करू द्यावी, मागच्या बाकावरच्या कुणाला तरी त्याचे मत विचारावे. नियम शिक्षकालाही लागू असावा. तासाला स्वतःचा मोबाईल पाहणाऱ्या शिक्षकाने विद्यार्थ्याला सांगितलेले कुणी मनावर घेत नाही.

चौथा आणि सर्वांत टिकाऊ उपाय म्हणजे नियम वर्गाने करावेत. सत्राच्या पहिल्या आठवड्यात अर्धा तास द्यावा. वरचा कॅनडाचा प्रयोग सांगावा, मते मागवावीत, पाच नियम ठरवावेत आणि फळ्याशेजारी लावावेत. महिन्याने त्यांत बदल करायची मुभा ठेवावी. लादलेला नियम मोडण्यात मजा असते. आपण हात वर करून मान्य केलेला नियम मोडताना शेजाऱ्याची नजर चुकवावी लागते.

विद्यार्थ्यांनी काय करावे?

वर्गात जाण्यापूर्वी लागणारी पीडीएफ उतरवून घ्या आणि तासाला इंटरनेट बंद ठेवा. एरोप्लेन मोडवर पीडीएफ उघडते, इन्स्टाग्राम ताजे होत नाही. व्हॉट्सॲप वेबमधून लॉगआउट करा. अभ्यासासाठी ब्राउझरमध्ये वेगळे प्रोफाइल ठेवा, ज्यात समाजमाध्यमांचे एकही खाते उघडलेले नसेल. स्क्रीनचा उजेड कमी करा. आपल्या डोळ्यांसाठी आणि मागच्याच्याही.

वहीचे पान दोन भागांत आखा. उजवीकडे रुंद भागात तासाला टिपणे लिहा, डावीकडचा अरुंद भाग मोकळा ठेवा. संध्याकाळी त्या मोकळ्या भागात टिपणांवरचे प्रश्न लिहा, आणि खाली तीन ओळींत सार. मग उजवा भाग झाकून डावीकडच्या प्रश्नांची उत्तरे स्वतःला सांगा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी ही पद्धत रूढ केली. तिला पैसे लागत नाहीत. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना तर ती फारच उपयोगी पडते.

समोरच्याच्या स्क्रीनने लक्ष जात असेल तर गप्प बसू नका. भांडूही नका. तास संपल्यावर सांगा, किंवा सरळ जागा बदला. "मित्रा, तुझ्या रीलमुळे माझा अभ्यास जातो," एवढे म्हणायला कुणाची परवानगी लागत नाही.

अभ्यासिका आणि आपले ग्रुप

विहारातल्या अभ्यासिकेत येणाऱ्या मुलामुलींना घरी नसलेली गोष्ट मिळते : टेबल, दिवा आणि शांतता. ती शांतता मोबाईलने फुटत असेल तर अभ्यासिकेचा मूळ हेतूच संपतो. शक्य असेल तिथे दोन जागा कराव्यात : एक वाचनाची, जिथे स्क्रीन नाही; दुसरी संगणकाची, जिथे हेडफोन लावून काम करता येईल. एकच खोली असेल तर वेळ वाटून घ्यावी. वाय-फाय असेल तर ते ठरलेल्या तासांपुरते चालू ठेवावे. एक-दोन जुने संगणक असतील तर नाव लिहून अर्धा-अर्धा तास पाळी लावावी, म्हणजे ज्याच्याकडे काहीच नाही त्यालाही अर्ज भरता येतो, शिष्यवृत्तीची यादी पाहता येते. मुलींसाठी पाळी राखून ठेवावी. चार्जिंगच्या बोर्डाशेजारी फोन ठेवायला फळी करावी. चार्ज होणारा फोन हातात नसतो, आणि तेवढा वेळ अभ्यासाला मिळतो.

आता कार्यकर्त्यांना एक कडू गोष्ट सांगायची आहे. विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर तासाला जे संदेश येतात ते सगळे सिनेमा-क्रिकेटचे नसतात. बरेच आपले असतात. जयंतीची वर्गणी, बैठकीची वेळ, निवेदनाचा मसुदा, अत्याचाराच्या घटनेचा व्हिडिओ, "ताबडतोब सगळीकडे पाठवा". विद्यार्थी कार्यकर्ता अशा दहा ग्रुपमध्ये असतो. सकाळी साडेअकराला ग्रुपवर वाद पेटला की त्याचे सांख्यिकीचे गणित तिथेच राहते. करमणुकीच्या संदेशाकडे दुर्लक्ष करता येते. समाजाच्या संदेशाकडे दुर्लक्ष केले तर अपराधी वाटते. म्हणून हा विक्षेप जास्त खोल जातो.

यावर उपाय आपल्याच हातात आहे. प्रत्येक ग्रुपने महाविद्यालयाच्या वेळेत, समजा सकाळी आठ ते दुपारी दोन, शांत वेळ पाळावी. ॲडमिनने त्या वेळेत ग्रुपवर फक्त ॲडमिनच लिहू शकतील अशी सेटिंग ठेवावी. खरोखर तातडीचे असेल तर फोन करावा. दवाखाना, पोलीस ठाणे, अपघात अशा वेळी संदेशावर कुणी विसंबूनही राहत नाही. बाकी सगळे दुपारी दोननंतरही तितकेच महत्त्वाचे असते. बैठकीची सूचना आदल्या रात्री दिली तर कुणाचे बिघडत नाही. "शिका" म्हणणाऱ्या चळवळीने शिकणाऱ्याचा तास मोडू नये, एवढी अपेक्षा रास्त आहे.

एक महिना करून पाहा

आम्ही सुचवलेले सगळे प्रत्येक वर्गाला लागू पडेलच असे नाही. म्हणून शिक्षकांनी आणि अभ्यासिका चालकांनी ते तपासून घ्यावे. पहिल्या आठवड्यात, काहीही न बदलता, शिकवलेल्या धड्यावर दहा प्रश्नांची छोटी चाचणी घ्या. मग महिनाभर झाकण वर-खाली, जागेची वाटणी आणि ग्रुपची शांत वेळ पाळा. शेवटी तेवढ्याच अवघड दहा प्रश्नांची चाचणी पुन्हा घ्या. सरासरीपेक्षा खालच्या दहा विद्यार्थ्यांचे गुण आधी पाहा. त्यांचे गुण वाढले असतील तर नियम चालू ठेवा. नसतील तर वर्गासमोर आकडे मांडा आणि नियम बदला. वरच्या दहा जणांचे काही बिघडणार नाही. त्यांच्याकडे दुसरा तास आहे. ज्याच्याकडे तो नाही, त्याच्यासाठी हा तास राखायचा आहे.